पाण्याच्या रांगेत माशाचा नंबर

अमेरिकेच्या नेवाडा राज्यात, डेथ व्हॅलीच्या पूर्वेला, एका बोडक्या टेकडीच्या पोटात खडकाची कपार आहे. तिचं नाव डेव्हिल्स होल. वरून पाहिलं तर नुसती एक फट, आत कोमट पाण्याचं कुंड. त्याचा तळ आजवर कुणाला लागलेला नाही. पाण्याचं तापमान बाराही महिने ३३ अंश सेल्सियसच्या आसपास. कुंडाच्या एका कडेला, पाण्याखाली जेमतेम बुडालेली, छोट्या खोलीएवढी खडकाची पायरी आहे. तिच्यावर ऊन पडतं, शेवाळ धरतं आणि त्या शेवाळावर अडीच सेंटिमीटर लांबीचा एक निळसर मासा जगतो. अंडीही तिथेच घालतो. डेव्हिल्स होल पपफिश म्हणून ओळखला जाणारा हा मासा निसर्गात या एका कुंडाखेरीज कुठेही नाही. १९७६ साली अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने त्याच्या पाण्याबद्दल एकमताने निकाल दिला. पण तो मासा वाचवावा की नाही, हा त्या खटल्यातला प्रश्न नव्हताच. वाद होता तारखेचा.

तारखेला एवढं महत्त्व का, ते समजायला कॅलिफोर्नियातल्या सोन्याच्या खाणींपर्यंत मागे जावं लागतं. १८४९च्या सुमाराला हजारो माणसं सोनं शोधायला तिथल्या डोंगरांत शिरली. वाळूतून सोनं धुऊन काढायला पाणी हवं, आणि नदी खाणीपासून लांब. मग ज्याने आधी पाट खणून पाणी वळवलं, त्याचा त्या पाण्यावर हक्क आधी, असा खाणकामगारांनी आपसांत नियम केला. १८५५ साली कॅलिफोर्नियाच्या सर्वोच्च न्यायालयाने त्याला मान्यता दिली, १८७६ साली कोलोरॅडोने तो राज्यघटनेत घातला आणि पाहता पाहता पश्चिम अमेरिकेतल्या बहुतेक कोरड्या राज्यांचा तो पाणी-कायदा झाला. आपल्याकडे धरणात पाणी कमी असलं की सगळ्यांच्याच वाट्याला कात्री लावायची पद्धत आहे. तिथे तसं नाही. ज्याची तारीख सर्वांत जुनी, त्याला पाणी पूर्ण मिळतं. मग दुसऱ्याला, मग तिसऱ्याला. पाणी जिथे संपेल तिथून पुढच्यांना थेंबही नाही.

या कायद्याच्या आणखी तीन अटी होत्या. पाणी नदीतून बाहेर काढलं पाहिजे, ते ‘उपयुक्त’ कामाला लावलं पाहिजे, आणि ठरावीक काळ वापरलं नाही तर हक्क बुडतो. शेत, खाण, गिरणी, शहर हे उपयुक्त वापर. नदीत वाहत राहिलेलं पाणी म्हणजे वाया गेलेलं पाणी. कुठल्याही खोऱ्यात मासा सर्वांच्या आधीपासून होता, पण त्याने पाट खणला नव्हता. त्यामुळे रांगेत त्याला नंबर नव्हता. हा विनोद वाटेल, पण शंभर वर्षं तो कायदा होता.

डेव्हिल्स होलच्या शेजारी सुमारे १२ हजार एकरांची एक रँच होती. तिच्या मालकांनी १९६८ साली विहिरींतून उपसा सुरू केला. काही विहिरी कुंडापासून अडीच मैलांवर होत्या. कुंडाच्या भिंतीवर १९६२ साली पाणी मोजण्यासाठी तांब्याची एक चकती ठोकलेली होती. उपशाआधी पाण्याची पातळी त्या चकतीखाली १.२ फुटांवर स्थिर असायची. १९७२ पर्यंत ती ३.९३ फुटांवर उतरली आणि पायरीचा मोठा भाग उघडा पडला. जमिनीवरचं पाणी आणि जमिनीखालचं पाणी एकच आहे, हे त्या चकतीने कुठल्याही अहवालापेक्षा स्पष्ट दाखवून दिलं. (भूजल ज्याच्या जमिनीखाली त्याच्या मालकीचं, हा १८८२च्या सुखाधिकार कायद्यातून आलेला आपल्याकडचा समज ज्यांना अजून सोडवत नाही, त्यांनी ही चकती जरूर लक्षात ठेवावी.)

इथे तारीख कामाला आली. १९५२ साली राष्ट्राध्यक्ष ट्रुमन यांनी डेव्हिल्स होल आणि भोवतालची ४० एकर जमीन डेथ व्हॅली राष्ट्रीय स्मारकाला जोडली होती आणि त्या घोषणेत या दुर्मीळ माशाचा उल्लेख होता. सरकार एखाद्या हेतूने जमीन राखून ठेवतं तेव्हा त्या हेतूला लागणारं पाणीही त्याच दिवशी राखून ठेवलं जातं, हे तत्त्व सर्वोच्च न्यायालयाने १९०८ साली मोंटानातल्या फोर्ट बेल्क्नॅप आदिवासी राखीव क्षेत्राच्या खटल्यात मांडलं होतं. तेच इथे लागू झालं. माशाच्या हक्काची तारीख १९५२, रँचच्या उपशाची १९६८. मासा पुढे, रँच मागे. मात्र न्यायालयाने माशाला हवं तेवढं पाणी दिलं नाही. ती पायरी पाण्याखाली राहील इतकंच दिलं, आणि उपसा किती कमी करायचा ते पातळीवरून ठरवायचं, असं सांगितलं. खालच्या न्यायालयाने चकतीखाली ३ फुटांची मर्यादा घातली होती, ती पुढे २.७ फुटांवर आणली गेली.

नेवाडात त्यावरून बराच संताप झाला. गाड्यांच्या बंपरवर ‘पपफिश मारा’ आणि ‘पपफिश वाचवा’ असे दोन्ही स्टिकर फिरत होते. बोटभर माशासाठी माणसाची शेती बुडवायची का, हा सवाल ऐकायला सोपा होता. पण शेती माशामुळे बुडाली नाही. तिच्या मालकांनी पुढे जमीन विकली, घरांच्या प्लॉटची मोठी योजना आली आणि अखेर १९८४ साली नेचर कॉन्झर्वन्सी या संस्थेने सुमारे १२,६०० एकर जमीन पाण्याच्या हक्कांसह विकत घेऊन अ‍ॅश मेडोज हे वन्यजीव आश्रयस्थान उभं करायला वाट करून दिली. निकालाने मिळाली ती एक पातळी. भोवतालचे झरे वाचले ते पैसे मोजून घेतलेल्या हक्कांमुळे.

नेवाडातलीच दुसरी गोष्ट इतकी सोपी नाही. ती जरा सावकाश सांगायला हवी.

राज्याच्या वायव्येला पिरॅमिड लेक आहे. सिएरा नेवाडाच्या बर्फातून निघणारी ट्रकी नदी त्यात येऊन संपते. सरोवराभोवतीचे पायूट लोक स्वतःला क्वीवी खाणारे म्हणवतात. क्वीवी म्हणजे त्या एका सरोवरातच सापडणारा मासा. तो चाळीसेक वर्षं जगतो आणि वसंतात नदीत चढून अंडी घालतो. सरोवरातली लाहोंटन ट्राउट तर जगातल्या सर्वांत मोठ्या ट्राउटपैकी एक होती. १९२५ साली ४१ पौंडांची एक ट्राउट तिथे पकडली गेली, तो विक्रम आजही टिकून आहे. तोपर्यंत नदीचं पाणी दुसरीकडे वळवायला मात्र सुरुवात झाली होती. १९०२च्या सिंचन कायद्याचे पुरस्कर्ते फ्रान्सिस न्यूलँड्स यांच्या नावाचा प्रकल्प उभा राहिला, १९०५ साली डर्बी धरण पूर्ण झालं आणि ट्रकीचं पाणी कालव्याने शेजारच्या कार्सन खोऱ्यात, फॅलनच्या शेतांकडे जाऊ लागलं. सरोवराची पातळी १९६७ पर्यंत सुमारे ८० फुटांनी उतरली. शेजारचं विनेमका सरोवर, जे १९३६ साली पक्ष्यांसाठी राखीव केलं होतं, ते तर तीसच्या दशकातच कोरडं पडलं. ट्रकीच्या मुखाशी गाळाचे बांध पडले, माशांना नदीत चढता येईना आणि चाळीसच्या दशकात ती ट्राउट सरोवरातून संपली. क्वीवी दीर्घायुषी म्हणून टिकला. एखादं वर्ष पाणी आलं की अंडी घालायची, नाही तर थांबायचं.

आता कागदावरचा विरोधाभास पाहा. त्या खोऱ्यात सर्वांत जुना पाणीहक्क पायूट लोकांचाच आहे, १८५९चा, राखीव क्षेत्र ठरलं तेव्हाचा. १९१३ साली केंद्र सरकारने त्यांच्या वतीने दावा लावला, १९४४ साली निवाडा झाला आणि त्यात त्यांना पाणी मिळालं ते शेतीसाठी. मासे खाऊन जगणाऱ्या लोकांच्या वकिलाने न्यायालयात माशासाठी पाणी मागितलंच नाही. कारण त्या काळच्या सरकारी धोरणाला ‘सुधारलेला आदिवासी’ म्हणजे शेतकरी, एवढंच दिसत होतं. आणि दावा लावणारं सरकारच न्यूलँड्स प्रकल्पाचंही मालक होतं. पुढे जमातीने माशाचा हक्क मागितला तेव्हा १९८३ साली सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं की तो वाद १९४४ साली मिटला, पुन्हा उघडता येणार नाही. जुनी तारीख हातात होती, पण ती चुकीच्या रकान्यात नोंदलेली होती.

न्यायालयाचा दरवाजा बंद झाल्यावर जमातीने दुसरे दरवाजे ठोठावले. एक अर्धाअधिक उघडलेला होता. क्वीवी १९६७ पासून संकटग्रस्त यादीत होता, त्यामुळे ट्रकीच्या उपनदीवरच्या स्टँपीड धरणाचं पाणी आधी माशांसाठी सोडावं, हे केंद्र सरकारने मान्य केलं आणि १९८४ साली न्यायालयाने ते उचलून धरलं. दुसरा दरवाजा वाटाघाटींचा. १९९० साली संसदेने जमात, नेवाडा, कॅलिफोर्निया आणि रिनो शहराची पाणी कंपनी यांच्यातल्या तडजोडीला कायद्याचं रूप दिलं. प्रत्यक्ष नदीचालनाचा करार व्हायला त्यानंतर २००८ उजाडलं, आणि तो अमलात यायला २०१५. ज्यांना वाटतं की पाण्याचे तंटे एका बैठकीत मिटतात, त्यांनी हा पंचवीस वर्षांचा हिशेब एकदा पाहावा.

याच १९९०च्या कायद्यात फॅलनकडच्या पाणथळीचाही विषय होता, आणि या सगळ्यातला सर्वांत शिकवणारा भाग तोच आहे. शेतातून झिरपलेलं, कालव्यातून गळालेलं पाणी खाली साचून स्टिलवॉटरच्या दलदली जगत होत्या. लाखो बदकं, पाणलावे, पाणकोळी तिथे उतरायचे. पिरॅमिड लेकसाठी पाणी वाचवायचं म्हणून न्यायालयांनी आणि सरकारने न्यूलँड्स प्रकल्पाला सांगितलं, गळती कमी करा, कमी पाणी घ्या. कालवा सुधारला, गळती आटली आणि दलदली सुकायला लागल्या. सरोवरातल्या अनाहो बेटावर पांढऱ्या पाणकोळ्यांची मोठी वसाहत आहे. ते पक्षी पिल्लांसाठी मासे आणायला मैलोन्‌मैल उडून याच दलदलींकडे जात. एका पक्ष्याचं घरटं वाचवायचं तर त्याचं ताट रिकामं होत होतं. काटकसर म्हणजे निसर्गाला मदत, असं गृहीत धरून ठिबकावर भाषणं करणाऱ्यांना हे उदाहरण अडचणीचं आहे. गळती कुणाची तरी असते.

उपाय निघाला तो विकत घेण्याचा. २५ हजार एकर पाणथळ टिकवण्याइतकं पाणी मिळवा, असं कायद्याने सांगितलं आणि वन्यजीव विभागाने विकायला राजी असलेल्या शेतकऱ्यांकडून ७५ हजार एकर-फुटांपर्यंत हक्क घ्यायचं ठरवलं. आपल्या मापात हे सव्वातीन टीएमसीच्या आसपास. पण शेताचा हक्क दलदलीला देताना तो जसाच्या तसा जात नाही. शेतकऱ्याला एकरी साडेतीन किंवा साडेचार एकर-फूट पाण्याचा हक्क होता. दलदलीला मिळाले एकरी २.९९. का? कारण पिकाने खरोखर पिऊन टाकलेलं पाणी तेवढंच. बाकीचं पूर्वीही जमिनीत झिरपून, चारीतून वाहून शेजाऱ्याकडे जात होतं. ते कुणाला विकण्याचा अधिकार मूळ मालकाला नव्हता. असा बारीक हिशेब झाला म्हणूनच शेजाऱ्यांचा विरोध हाताबाहेर गेला नाही. विरोध होताच: जमीन पडीक पडली तर धूळ उडेल, घरच्या विहिरींना झिरप मिळणार नाही, तालुक्याचा कर बुडेल. या तक्रारी खोट्या नव्हत्या.

इतर राज्यांनी रांगेचा नियम न मोडता तिच्यात नदीला उभं करण्याचे वेगवेगळे मार्ग काढले. कोलोरॅडोने १९७३ साली एका सरकारी मंडळाला नदीत पाणी राखण्याचे हक्क घ्यायला परवानगी दिली. ऑरेगॉनने १९८७ साली कायद्याने सांगितलं की नदीत ठेवलेलं पाणी हा उपयुक्त वापरच आहे, आणि मूळ तारखेसह तो हक्क नदीला देता येईल. १९९३ साली तिथे ऑरेगॉन वॉटर ट्रस्ट उभा राहिला. त्याच्या सुरुवातीच्या व्यवहारांपैकी एक १९९४ सालचा. बक हॉलो नावाच्या ओढ्यावरच्या एका पशुपालकाने एक हंगाम कुरणाला पाणी दिलं नाही आणि त्या बदल्यात ट्रस्टने त्याला ६,६०० डॉलरचा चारा दिला. ओढ्यात स्टीलहेड मासे चढायचे होते, गुरांना खायला हवं होतं, दोघांचं भागलं. भाषणात सांगायला हा व्यवहार फार छोटा आहे, पण पाण्याच्या राजकारणात इतकं स्वच्छ काही क्वचितच घडतं.

एक मार्ग मात्र रांगेलाच आव्हान देणारा होता. कॅलिफोर्नियातल्या मोनो लेकच्या ओढ्यांचं पाणी लॉस एंजेलिस शहराने १९४१ पासून वळवलं. चाळीस वर्षांत सरोवर ४५ फूट उतरलं, त्याचा खारटपणा दुप्पट झाला, निगिट बेटाकडे जमिनीचा पूल तयार होऊन कोल्हे कुरव पक्ष्यांच्या अंड्यांपर्यंत पोचले. शहराचे परवाने कायदेशीर होते. तरीही १९८३ साली राज्याच्या सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं की अशा पाण्यावर राज्य हे जनतेचं विश्वस्त आहे आणि दिलेला परवानाही राज्याने पुन्हा तपासायला हवा. १९९४ साली पातळी ६,३९२ फुटांवर नेण्याचा आदेश निघाला. ती पातळी अजून गाठली गेलेली नाही.

हा निकाल भारतात पोचला. १९९६च्या डिसेंबरात आपल्या सर्वोच्च न्यायालयाने एम. सी. मेहता विरुद्ध कमलनाथ या खटल्यात, व्यास नदीचा प्रवाह वळवणाऱ्या एका हॉटेलच्या संदर्भात, मोनो लेकचा आधार घेऊन विश्वस्ताचं तत्त्व भारतीय कायद्याचा भाग असल्याचं जाहीर केलं. तेव्हापासून नद्या, तलाव, मैदानं यांच्या खटल्यांत त्याचा उल्लेख होत आला आहे. पण विश्वस्त आहे असं म्हणणं आणि महिन्यागणिक अमुक इतकं पाणी असं लिहून देणं, यात मोठं अंतर आहे. ते अंतर नेवाडातही दिसलं. वॉकर लेक हे तिथलंच आणखी एक आटलेलं सरोवर, दीडशे फुटांहून अधिक उतरलेलं, ट्राउट गेलेली. २०२० साली नेवाडाच्या सर्वोच्च न्यायालयाने विश्वस्ताचं तत्त्व मान्य केलं, पण एकदा निवाडा होऊन मिळालेले जुने हक्क त्या तत्त्वाने फिरवता येणार नाहीत, असंही सांगितलं. म्हणून तिथे आजही वरच्या शेतकऱ्यांकडून एकेक हक्क विकत घेऊन सरोवराकडे पाणी आणलं जातं. काम सावकाश चालतं, पण घेतलेला हक्क परत जात नाही.

आपल्याकडे असं एकेक लिहून देण्याचा एक ठळक प्रयत्न गंगेवर झाला. २०१८च्या ऑक्टोबरात केंद्राने अधिसूचना काढली की उगमापासून हरिद्वारपर्यंत धरणांनी नोव्हेंबर ते मार्च मासिक सरासरी प्रवाहाच्या २० टक्के, ऑक्टोबर, एप्रिल आणि मेमध्ये २५ टक्के आणि जून ते सप्टेंबर ३० टक्के पाणी नदीत सोडावं. आकडे पुरेसे आहेत का यावर वाद घालता येईल. आकडे आहेत, हे मोठंच.

महाराष्ट्रात माशाला राखण्याची रीत जुनी आहे. महाडजवळ वाळणकोंडीच्या डोहात महाशीर देवाचे म्हणून कुणी पकडत नाही, लोक त्यांना चुरमुरे घालतात. अशा डोहांनी मासे वाचवले हे खरंच. पण देवराईचा नियम डोहातल्या माशाला लागू होतो, डोहात येणाऱ्या पाण्याला नाही. वर कुणी बांध घातला तर देवाचा मासा काय करणार?

पाण्याला नियम लावणारा कायदा राज्याकडे आहे. २००५च्या महाराष्ट्र जलसंपत्ती नियमन प्राधिकरण अधिनियमाने पाण्याची हक्कदारी ही कल्पना आणली, तिच्या हस्तांतरणाचीही सोय ठेवली, आणि वापराच्या प्रकारांच्या व्याख्येत घरगुती, शेती, उद्योग यांच्याबरोबर पर्यावरणीय वापराचंही नाव घेतलं. गोदावरीच्या पाण्याच्या समन्यायी वाटपाच्या तंट्यात २०१४ साली प्राधिकरणाने सूत्र घातलं: १५ ऑक्टोबरला जायकवाडीत ६५ टक्क्यांहून कमी साठा असेल तर नाशिक-नगरकडच्या धरणांनी पाणी सोडायचं. दोन्हीकडचे शेतकरी, साखर कारखाने, शहरं, सगळे त्या हिशेबात आले. जायकवाडीचा जलाशय, नाथसागर, १९८६ पासून पक्षी अभयारण्यही आहे. ते त्या रांगेत दिसलं नाही.

वरच्या अंगाला, गोदावरी-कादवा संगमावर नांदूर मधमेश्वर आहे. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला सिंचनासाठी बंधारा बांधला, गाळ साचला, गाळावर वनस्पती वाढल्या, पक्षी आले, आणि २०२० साली ते महाराष्ट्रातलं पहिलं रामसर स्थळ, म्हणजे आंतरराष्ट्रीय महत्त्वाची पाणथळ, म्हणून जाहीर झालं. स्टिलवॉटरसारखंच हेही सिंचनाचं अनाहूत अपत्य. तिथलं पाणी डाव्या-उजव्या कालव्यांना निफाड, कोपरगाव, राहात्याकडे जातं, जलदगती कालव्याने वैजापूर, गंगापूरकडे. पातळी वर-खाली होते ती आवर्तनाप्रमाणे, चमच्यांच्या किंवा करकोच्यांच्या गरजेप्रमाणे नाही. जमीन आणि पक्षी वन विभागाकडे, दरवाजे जलसंपदा विभागाकडे.

समजा, वन विभागाने या पाणथळीसाठी घाऊक हक्कदारी मागायचं ठरवलं. मग अर्जात लिहावं लागेल: फेब्रुवारी ते मे दरम्यान किती दशलक्ष घनफूट, बंधाऱ्याच्या कुठल्या मोजपट्टीवर कुठली किमान पातळी, आणि ती खाली गेली तर आवर्तन कोण थांबवणार. डेव्हिल्स होलची तांब्याची चकती हेच काम करत होती. ही मागणी कालव्याच्या शेपटाकडच्या शेतकऱ्याला झळ लावणार, हे लपवून चालणार नाही. त्याचा उन्हाळी चारा पहिला जाणार. ऑरेगॉनने तो चारा विकत आणून दिला होता. इथे ते पैसे अभयारण्याच्या खात्यातून यायचे की पर्यटनाच्या, आणि हक्कदारी घ्यायची ती त्याच शेतकऱ्यांच्या पाणीवापर संस्थेशी दर वर्षी करार करून की एकदाच कायमची विकत, यावर राज्यात चर्चा सुरू व्हायची आहे. अर्ज करण्यापासून वन विभागाला आजच्या कायद्याने कुणी अडवलेलं नाही.